व्हेपोरायझरचा माउथपीस बदलायचाय: काच, स्टील की अजून काही?

शेवंती

माझ्याकडे खिशात मावणारा, वाळलेल्या वनस्पतींचा व्हेपोरायझर (वनस्पती न जाळता तापवून तिची वाफ ओढायचं यंत्र) आहे. कॅमोमाइल आणि थाइम, दोन्ही साधारण १९० अंशांवर वापरते. यंत्र ठणठणीत आहे, पण माउथपीसच्या खालच्या कडेला, नेमका जिथं तो चेंबरवर, म्हणजे वनस्पती भरायच्या कप्प्यावर, बसतो तिथं, केसाएवढा तडा गेलाय. त्यातून बाहेरची हवा शिरते आणि वाफ फिकी लागते. हे मॉडेल आता बनत नाही, त्यामुळे मूळचा सुटा भाग मिळायची आशा सोडलीय.

इतरांनी बनवलेले बरेच दिसतात. सरळ काचेचे, आत काचेचे मणी घातलेले, स्टीलचे, रंगीत धातूचे, लाकडी टोकाचे आणि वरून चढवायच्या सिलिकॉनच्या टोप्या. सगळ्यांचं वर्णन एकसारखंच, ‘उत्तम दर्जा, शुद्ध चव’. निवडताना नक्की काय बघायचं? आणि घेतल्यावर तो नीट कसा ठेवायचा? श्वास त्यातूनच जाणार आहे, तेव्हा दिसायला छान म्हणून काहीतरी उचलायचं नाहीये.

रानवाट

काच घ्या, डोळे झाकून. चवीत ढवळाढवळ करत नाही आणि आत किती घाण साचलीय ते समोर दिसतं. मी घरात लांब नळी लावतो, बाहेर जाताना आखूड.

काचनळी

काच घ्या हे मलाही मान्य, पण डोळे उघडे ठेवून. मी प्रयोगशाळांची काचेची उपकरणं बनवतो आणि दुरुस्त करतो, त्यामुळे या विषयावर जरा लांबण लागेल.

शेवंतीताई, मालाचा विचार नंतर, आधी बैठक बघा. तुमचा माउथपीस चेंबरवर कसा बसतो? ओ-रिंगवर (रबरी कडीवर) दाबून, आटे फिरवून, चुंबकानं, की घासलेल्या काचेच्या निमुळत्या जोडानं? शेवटचा प्रकार असेल तर काम सोपं. हे जोड प्रमाणित असतात, १० मिमी लांबीत व्यास १ मिमीनं कमी होतो, त्यामुळे कुणीही बनवलेला १४ चा नर (आत शिरणारा जोड) कुणाच्याही १४ च्या मादीत (बाहेरच्या जोडात) बसतो. फक्त कॅलिपर (व्यास मोजायचं साधन) लावल्यावर गोंधळू नका. ‘१४’ म्हणतात त्याचं रुंद टोक १४.५ मिमी भरतं आणि ‘१८’ म्हणतात त्याचं १८.८. पण ओ-रिंग किंवा आट्यांची बैठक असेल, तर प्रत्येक यंत्राचं माप निराळं. तिथं अर्ध्या मिलिमीटरचा फरकही हवा शिरायला पुरतो, म्हणून ‘सर्व यंत्रांना चालेल’ असं लिहिलेला माउथपीस मी तरी घेणार नाही. काही यंत्रांत, उदाहरणार्थ अरायझर कंपनीच्या सोलो यंत्रात, वनस्पती काचेच्या नळीच्या टोकातच भरतात. तिथं नळी म्हणजे माउथपीसही आणि चेंबरचा भागही, मग लांबीतली थोडी चूकसुद्धा तापमान बिघडवते.

आता माल. माउथपीसची दोन टोकं वेगवेगळी धरा. ओठाकडचं टोक कोमट असतं, तिथं बहुतेक काहीही चालतं. खरी परीक्षा खालच्या टोकाची, कारण ते १९० अंशांच्या शेजारी बसतं. एबीएस प्लास्टिक १०५ अंशांच्या आसपास मऊ पडतं, पॉलिकार्बोनेट १४७ च्या. पीक (PEEK) नावाचं प्लास्टिक वेगळ्या ताकदीचं आहे. ३४३ अंशांपर्यंत वितळत नाही आणि २५० पर्यंत सतत वापरता येतं. चांगलं सिलिकॉन २०० अंश सोसतं. विकणारा नुसतं ‘उष्णतारोधक प्लास्टिक’ लिहीत असेल आणि विचारल्यावरही नाव सांगत नसेल, तर तो भाग गरम टोकाला लावू नका. यात मी तडजोड करत नाही.

काचेत बोरोसिलिकेटच हवी. गरम झाल्यावर ती साध्या काचेच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढी पसरते, म्हणून सहजी तडकत नाही. जाड काच म्हणजे टिकाऊ काच, हा समज मात्र मनातून काढा. पडण्या-आपटण्याला जाड काच बरी, पण अचानक तापली की तिचा आतला थर गरम आणि बाहेरचा थंड राहतो, आणि त्या ताणानंच ती फुटते. कडा आगीवर गोल केलेल्या असाव्यात. टिश्यूपेपर कडेवरून फिरवा, अडकला तर परत करा.

आणखी एक तपासणी सांगतो, आमच्या कामात ती रोजची आहे. काच वितळवून जोडल्यावर ती भट्टीत सावकाश थंड करावी लागते, नाहीतर ताण आतच राहतो आणि पुढं कधीतरी विनाकारण तडा जातो. हा ताण घरी दिसू शकतो. लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यावर पांढरं पान उघडा, डोळ्याला पोलराइज्ड गॉगल लावा आणि मान तिरपी करत पडदा काळा दिसेल तो कोन शोधा. मग माउथपीस पडदा आणि गॉगल यांच्या मध्ये धरा. काच काळीच राहिली तर उत्तम. जोडापाशी उजळ किंवा रंगीत पट्टे चमकले तर तिथं ताण आहे, ती नळी नको.

स्टीलबद्दल. काचेपेक्षा ते पंधरा-सोळा पट जास्त उष्णता वाहून नेतं. त्यामुळे वाफ पटकन निवते हे खरं, पण तीच उष्णता थोड्या वेळानं ओठाला लागते. लाकडी किंवा काचेचं टोक असलेलं स्टील चालेल. रंगीत मुलामा दिलेला धातू श्वासाच्या वाटेत नको, त्या रंगाखाली काय आहे ते कुणी सांगत नाही.

मण्यांचे आणि नागमोडी नळीचे प्रकार वाफ छान थंड करतात, पण प्रत्येक वळणावर चिकटा धरतो आणि तिथं ब्रश पोचत नाही. तुम्ही निगेचं विचारलंत म्हणून सांगतो, सरळ नळी घ्या. वाफ गरम वाटली तर थोडी लांब घ्या.

शेवंती

इतक्या सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार! पडद्याची तपासणी घरातल्या काचेच्या भांड्यांवर लगेच करून पाहिली, काही भांड्यांत चक्क रंग दिसले.

कॅलिपरनं मोजलं. यंत्रावरची बैठक आतून १२.४ मिमी, ६ मिमी खोल, बसवणूक ओ-रिंगची. एक माउथपीस सापडलाय. वर सरळ बोरोसिलिकेट नळी, खाली पीकचं बूड, जाळी स्टीलची आणि सुटी निघणारी. बुडाच्या खाचेचा तळ १० मिमी व्यासाचा आहे, पण सोबत ओ-रिंग नाही. कुठली घेऊ? आणि साफ करायला सगळं रात्रभर अल्कोहोलात बुडवून ठेवतात, ते बरोबर आहे का?

काचनळी

निवड चांगली आहे. १२.४ मधून १० गेले, उरले २.४, म्हणजे एका बाजूला १.२ मिमी फट. ओ-रिंग दाबल्यावर तिची साधारण पाचवा हिस्सा जाडी दबली पाहिजे, म्हणजे १.५ मिमी जाडीची हवी. आतला व्यास खाचेपेक्षा किंचित कमी, ९.५ मिमी घ्या, म्हणजे ती थोडी ताणून घट्ट बसेल. माल सिलिकॉन किंवा एफकेएम (उष्णता सोसणारं एक रबर). दोन-चार जादाच घेऊन ठेवा. माउथपीसमध्ये सगळ्यात आधी दमते ती हीच.

रात्रभर बुडवणं फक्त सुट्या काचेसाठी. आयसोप्रोपिल अल्कोहोल, शक्यतो ९० टक्क्यांच्या वरचं, कारण चिकटा तेलकट असतो आणि अल्कोहोलात पाणी जास्त असेल तर तो नीट विरघळत नाही. काचेच्या नळीत जाडं मीठ आणि अल्कोहोल घालून, दोन्ही तोंडं बंद करून हलवलं की आतून घासून निघते. पीकच्या बुडाला मीठ नको आणि तासन्‌तास भिजवणंही नको. अल्कोहोलात बुडवलेल्या कापसाच्या काडीनं पुसा, लगेच धुवा. ओ-रिंग आधी काढून घ्या, ती कोमट साबणपाण्यात. सिलिकॉन अल्कोहोलात पडून राहिलं की फुगतं, मग सैल बसतं. लाकडी टोक असेल तर फक्त ओलसर फडकं.

मला स्वतःला मात्र मोठ्या साफसफाईपेक्षा रोजची छोटी जास्त पटते. वापरून झालं, नळी अजून कोमट आहे, तेव्हाच कोरडा पाइप क्लीनर (लव लावलेली तार) आरपार फिरवायचा. चिकटा तेव्हा पातळ असतो, एका फेरीत निघतो. तोच थंड होऊन कडक झाला की मग अल्कोहोल, मीठ आणि अर्धी दुपार. गरम नळी थंड पाण्याखाली मात्र कधीही धरू नका, बोरोसिलिकेट असली तरी.

अल्कोहोलाची वाफ खोलीच्या तापमानालाही पेट घेते. खिडकी उघडी, जवळ गॅस किंवा मेणबत्ती नको, आणि साफ केलेला भाग गरम पाण्यानं खळबळून पूर्ण वाळल्याशिवाय यंत्रावर चढवायचा नाही. वास घेऊन बघा. अल्कोहोलाचा जरासा जरी आला तर अजून ठेवा.

रानवाट

जाळीबद्दल माझी भर. वनस्पती फार बारीक दळली की भुकटी जाळीतून निसटते, नळीत चिकटते आणि तोंडातही येते. भरडच ठेवा. जाळी बुजली की ओढायला जड जातं आणि माणूस उगाच तापमान वाढवत बसतो. त्याऐवजी जाळी बदलावी, मिळायला सोपी असते.

पारिजात

एक विनंती. घरात दोघं-तिघं वापरणार असतील तर प्रत्येकाचा माउथपीस वेगळा ठेवा. ओठावर येणारे तापाचे फोड लाळेतून पसरतात, आणि फोड दिसत नसतानाही पसरू शकतात. यंत्र एक असलं तरी चालतं, टोक आपापलं. माझ्या घरी वेगवेगळ्या रंगांच्या सिलिकॉन टोप्या आहेत, म्हणजे मुद्दाम लक्षात ठेवावं लागत नाही. कुणाला दमा असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. वाफ वनस्पतीची असली तरी आवळलेल्या श्वासनलिकांना ती सोसेलच असं नाही.

शेवंती

पारिजात, हे अगदी पटलं. बहीण आली की तीही वापरते, तिच्यासाठी वेगळी टोपी घेतेच. काचनळीदादा, शेवटचं एकच. सगळं बसवल्यावर हवा शिरत नाही हे कसं कळणार? आणि ओ-रिंगला काही लावायचं का?

काचनळी

ओ-रिंगला पाण्याचं बोट पुरे. सिलिकॉन ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस नको, त्यानं ती फुगते. फारच घट्ट वाटली तर शुद्ध मधमेणाचा पुसटसा हात.

तपासणी यंत्र थंड असताना करा. माउथपीस बसवा, यंत्राचं हवा आत घ्यायचं भोक बोटानं घट्ट बंद करा आणि हळू ओढा. हवा यायलाच नको. येत असेल तर माउथपीस थोडा फिरवून पुन्हा ओढा. फिरवल्यावर फरक पडला तर ओ-रिंग पिळलीय किंवा कापलीय, काढून नवी घाला. अजिबात फरक नाही पडला तर गळती बैठकीत नाही, जाळीखालच्या सांध्यात किंवा यंत्राच्या अंगातच आहे. मग तो सांधा जवळून फोटो काढून इथं टाका, बघतो.

पहिल्यांदा वापरण्याआधी चेंबर रिकामा ठेवून, तुम्ही वापरता त्याच्या १० अंश वर तापवा, खिडकी उघडी ठेवा आणि ओढू नका. पूर्ण थंड झाल्यावर बुडाचा वास घ्या. प्लास्टिकचा वास आला तर वरच्याच पद्धतीनं धुऊन परत एकदा तापवा, आणि त्यानंतरही आला तर तो माउथपीस परत पाठवा.