सीलना लस का टोचत नाहीत? समुद्री सस्तन प्राणी आणि साथीचे रोग

प्रश्न : जीवशास्त्र शिक्षिका, धरमपेठ, नागपूर

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आपल्या गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले आणि त्याचे कारण बर्ड फ्लू असल्याचे भोपाळच्या प्रयोगशाळेच्या तपासणीतून कळले, तेव्हापासून माझ्या अकरावीच्या वर्गात हा विषय वारंवार निघतो. त्यावर वाचताना समजले की याच एच५एन१ विषाणूने २०२३ मध्ये अर्जेंटिनाच्या वाल्देस द्वीपकल्पावर एलिफंट सीलची १७,००० हून अधिक पिल्ले मारली. त्या हंगामात जन्मलेल्या शंभर पिल्लांतली पाचसुद्धा वाचली नाहीत. एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, गायी-म्हशींना लस टोचतात, मग सीलना का नाही टोचत?" मला तिला नीट उत्तर देता आले नाही. ज्या जातींचे मोजकेच प्राणी उरले आहेत, त्यांच्यासाठी तरी हे शक्य आहे का?

उत्तर : पशुवैद्यक, सेमिनरी हिल्स

मॅडम, शक्य आहे, आणि एका जातीसाठी ते होतही आहे. हवाई बेटांवरचे मंक सील आता सुमारे १,६०० उरले आहेत आणि २०१६ पासून तेथील शास्त्रज्ञ त्यांना डिस्टेंपर (कुत्र्यांना होणारा साथीचा रोग) गटातील विषाणूंविरुद्ध लस देत आहेत. हे प्राणी वाळूवर तासन्‌तास झोपून असतात. तेव्हा लांब काठीच्या टोकाला सिरिंज बसवून, पावलांचा आवाज न करता जवळ जाऊन टोचावे लागते आणि काही आठवड्यांनी तोच सील पुन्हा हुडकून दुसरी मात्रा द्यावी लागते. अंगावरच्या खुणांवरून आणि बिल्ल्यांवरून एकेक सील ओळखता येतो, म्हणूनच हे जमते. लस मुळात फेरेट या पाळीव प्राण्यासाठी बनवलेली आहे आणि तिच्यात संपूर्ण डिस्टेंपर विषाणू नसतो, हे फार महत्त्वाचे आहे, कारण कुत्र्यांच्या लशीतला दुबळा केलेला विषाणूसुद्धा वन्य प्राण्यावर उलटू शकतो.

डिस्टेंपरची एवढी धास्ती का, तेही सांगतो. माणसाचा गोवर, गुरांची बुळकांडी आणि कुत्र्यांचा डिस्टेंपर हे एकाच घराण्यातले विषाणू. माझ्याकडे असे कुत्रे येतात: नाकावर वाळलेली खपली, डोळ्यांत पू, तळपाय कडक झालेले आणि तोंडात काहीही नसताना जबडा सारखा चघळल्यासारखा हललेला. एकदा ते चघळणे सुरू झाले की उपचारात फारसे काही हाती लागत नाही, आणि मालकाला ते सांगणे मला आजही जड जाते. याच घराण्यातल्या, सीलमध्ये पसरणाऱ्या विषाणूने १९८८ मध्ये उत्तर समुद्राच्या परिसरात सुमारे १८,००० हार्बर सील मारले आणि २००२ मध्ये तो तेथे परत आला. कॅस्पियन समुद्रात तर २००० साली खुद्द कुत्र्यांच्याच डिस्टेंपरने हजारो सील मेले, आणि कॅस्पियन सील ही आज संकटग्रस्त जात आहे. २०१८ मध्ये गीरच्या सिंहांमध्ये सापडला तोही हाच विषाणू.

उत्तर : वन्यजीव अभ्यासक, प्रतापनगर

डॉक्टरसाहेबांशी मी सहमत आहे, परंतु लशीने भागत नाही अशी एक बाजू जोडतो. हवाईतल्या त्याच मंक सीलना टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी मारतो आणि त्यावर सीलसाठी लस नाही. त्याची अंडीसदृश बीजे केवळ मांजरवर्गीय प्राण्यांच्या विष्ठेतून बाहेर पडतात, ओल्या मातीत महिनोन्‌महिने टिकतात आणि पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यांतून समुद्रात पोहोचतात. त्याला बळी पडणाऱ्यांत माद्या अधिक आहेत, आणि अशा छोट्या समूहात एक मादी जाणे म्हणजे तिची पुढची सगळी पिल्ले जाणे. तेथे उपाय किनाऱ्यावर नाही, वस्तीत आहे: मोकाट मांजरांची संख्या आटोक्यात आणणे. आपल्याकडे चिल्का सरोवरातील इरावती डॉल्फिनच्या कातडीवरही गाठी आढळल्या आहेत. त्यांच्याकडे अधिक लक्ष जायला हवे असे मला मनापासून वाटते.

प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. मग एलिफंट सीलचे काय? त्यांना बर्ड फ्लूची लस देता आली नसती का?

उत्तर : पशुवैद्यक, सेमिनरी हिल्स

बर्ड फ्लूची लस वन्य जातीला दिल्याचे उदाहरण आहे. २०२३ मध्ये या रोगाने कॉन्डोर गिधाडे मरू लागल्यावर अमेरिकेने त्यांना ती टोचली; पण ती गिधाडे काहीशेच होती, त्यांतली बरीच पिंजऱ्यात होती आणि प्रत्येकाची नोंद होती. एलिफंट सील वर्षातला बहुतेक काळ खोल समुद्रात काढतात आणि विणीसाठी हजारोंच्या संख्येने एकाच किनाऱ्यावर, अंगाला अंग लावून पडतात. जवळ जाता येईल तो काळ आणि विषाणू पसरण्याचा काळ एकच. विद्यार्थिनीला हेही सांगा की त्या वर्षी केवळ पिल्ले गेली असे नाही. २०२४ मध्ये वाल्देसवर विणीला आलेल्या माद्या २०२२ च्या जेमतेम एक-तृतीयांश होत्या.