मदत हवी आहे : कॅसेटवरची सर्फ गिटारची धून ओळखायची आहे

नमस्कार मंडळी. मामाने कॅलिफोर्नियात असताना रेडिओवरून भरून घेतलेली एक कॅसेट परवा माळ्यावर सापडली. एका बाजूला सगळी साठच्या दशकातली सर्फ गिटार (समुद्राच्या लाटांवर फळीवरून स्वार होण्याच्या खेळाभोवती तिथे बहरलेलं गिटारचं संगीत), गाणारं कुणीच नाही. डिक डेल लगेच ओळखला. जाड तारांवर इतकं भराभर पिक दुसरं कोण चालवणार! शँटेज या बँडचं, १९६३ साली गाजलेलं 'पाइपलाइन'ही कळलं.

तिसरी धून मात्र काही केल्या सापडत नाही आणि जीव तिच्यातच अडकलाय. आधी नुसते ड्रम्स, मग गिटार येते ती पाण्यातून काढल्यासारखी ओली. (हा फेंडर कंपनीच्या रिव्हर्बचा, म्हणजे आवाज घुमवणाऱ्या उपकरणाचा आवाज, पेटीतल्या स्प्रिंगांमधून फिरून येतो.) मधे सॅक्सोफोन, शेवटी गिटार पट्टी चढवते. निवेदक नाव सांगणार तिथेच टेप कापली आहे. मोबाइलवरच्या ॲपनेही काही सांगितलं नाही.

तेव्हा शाळकरी पोरांचे कितीतरी बँड छोट्या रेकॉर्ड कंपनीच्या लेबलवर एखादी ४५ आरपीएमची तबकडी काढायचे आणि संपायचे. १९६४मध्ये बीटल्स अमेरिकेत पोचले नि ही लाट ओसरली. अशा विस्मरणात गेलेल्या तबकड्यांचे संग्रह कुणी ऐकलेत का? कुठून सुरुवात करू?

आणखी एक, टेप एका जागी चुरगळली आहे. पुन्हा वाजवण्याआधी ती सरळ कशी करावी? पुण्यात हे काम करणारं कुणी असेल तर कृपया कळवा. मामा आता ऐंशीचा आहे, त्याला त्या धूनेचं नाव सांगायचंय.