अक्षरं येतात, पण शब्द वाचता येत नाही: कार्डं कशी वापरू?

चाफा
दुसरीतल्या मुलाची मुळाक्षरं, बाराखडी पाठ आहे. पण ‘कमळ’ दिसलं की क... म... ळ असं सुटं वाचतो आणि शब्द कोणता ते सांगता येत नाही. ‘मोळी’ आली की म, मा, मि करत ‘मो’पर्यंत पोचतो. अक्षरकार्डांवर शब्द बनवून घ्यायचे तर सुरुवात कुठून करू?

दवबिंदू
सुटं म्हणताना प्रत्येक अक्षरात पूर्ण ‘अ’ येतो, बोलताना मात्र शब्दाच्या शेवटचा ‘अ’ आपण गिळतो. म्हणून ‘घ... र’ ऐकून त्याला घर सापडत नाही. घर, नळ, मळ अशा दोन अक्षरी शब्दांनी सुरू करा. कार्डं वीतभर अंतरावर ठेवा. ती जवळ सरकवताना पहिलं अक्षर लांबवायचं, कार्डं टेकली की शब्द एका दमात म्हणायचा. तीन अक्षरी शब्दात शेवटची दोन कार्डं आधी जुळवा: मळ, मग क-मळ. तसंच ब-दक. चार अक्षरी असेल तर मधोमध तोडा: गड-बड, कर-वत. घ-ध, भ-म, ब-व एकाच दिवशी काढू नका.

कोकणकडा
बाराखडी आडवी पाठ करून घेण्यातच घोळ आहे. एकच चिन्ह घेऊन ते अनेक अक्षरांना लावा: का, मा, पा, ळा. जुन्या फाइलच्या पारदर्शक प्लास्टिकचे तुकडे कापा, त्यावर काना, वेलांटी, मात्रा मार्करने काढा. अक्षराचं कार्ड ५ सेंमी असेल तर तुकडा ८ सेंमीचा हवा, म्हणजे चिन्ह बाहेर मावतं. सगळ्या कार्डांवर शिरोरेषा एकाच उंचीवर असू द्या. रु, रू मात्र वेगळ्या कार्डांवर लिहा, तिथे उकार खाली न येता मध्ये येतो.

क्रम: काना, दुसरी वेलांटी, मात्रा, काना-मात्रा, उकार. पहिली वेलांटी सर्वांत शेवटी, कारण ती दिसते अक्षराआधी आणि ऐकू येते नंतर. शब्दाच्या शेवटचा इकार मराठीत बहुधा दीर्घच असतो, त्यामुळे दुसऱ्या वेलांटीला शब्द भरपूर मिळतात.

मग साखळी. दर वेळी एकच बदल करायचा:
पान → कान → काम → काळ → माळ → माळी → मोळी → पोळी → गोळी

काय बदललं ते त्याने बोट ठेवून दाखवायचं. शेवटी साखळीत नसलेले चार शब्द वाचायला द्या. तिथे अडला तर साखळी पाठ झाली आहे, चिन्ह कळलेलं नाही.

चाफा
जोडाक्षरं कधी?

दवबिंदू
उकार पक्के झाल्यावर. अर्धं अक्षर आधीच्या अक्षराला चिकटवून म्हणायला लावा: रस्-ता, पक्-का, डब्-बा.