शस्त्रक्रियेनंतरचाही विचार व्हावा

यवतमाळकडच्या ताईंनी यजमानांच्या मधुमेहासाठी गॅस्ट्रिक बायपास (जठर लहान करून ते आतड्याच्या पुढच्या भागाला जोडण्याची शस्त्रक्रिया) करण्याविषयी विचारले, त्यावर ‘ऑपरेशन झाले की साखरेच्या गोळ्या कायमच्या सुटतात’ असे उत्तर आले आहे, त्यात थोडी भर घालणे मला आवश्यक वाटते. टाइप २ मधुमेहात गॅस्ट्रिक बायपासनंतर वजन फारसे उतरण्याआधीच साखर खाली येऊ लागते, कारण अन्न लहान आतड्याच्या पुढच्या भागात लवकर पोचते आणि जीएलपी-१ हे इन्सुलिन वाढवणारे संप्रेरक वाढते. मात्र आजार जुना असून इन्सुलिन चालू असेल, तर औषधे पूर्ण सुटण्याची शक्यता कमी होते, आणि सुटलेली औषधे काही वर्षांनी पुन्हा लागूही शकतात. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात आशियाई रुग्णांसाठी या शस्त्रक्रियेचा विचार बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २७.५ किंवा अधिक असल्यास करावा, असे सुचवलेले आहे.

आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो आणि त्यात एचबीए१सीचा (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा) आकडा फसवा येऊ शकतो, म्हणून सिकलसेलची तपासणी आधीच करून घ्यावी. हे सहसा कोणी सांगत नाही. शस्त्रक्रियेनंतर बी१२ जीवनसत्त्व, लोह आणि कॅल्शियम जन्मभर घ्यावे लागते, ताटात आधी घट्ट वरण किंवा अंडे आणि मग चतकोर भाकर असा क्रम ठेवावा लागतो. सोयाबीन काढणीच्या धांदलीतही नागपूरची तपासणीची फेरी चुकवून चालत नाही, तेव्हा सोबत कोण जाणार हे ताईंनी आताच ठरवावे.