फॉरमॅटिंग हे टायपिंगवाल्याचं काम नाही

कुंभारीची लेक
परवा बाळीवेसकरांनी इथे लिहिलं, "परदेशात शिकणाऱ्या पोरांनी डिझर्टेशनच्या, म्हणजे प्रबंधाच्या, मजकुराकडे बघावं. मार्जिन, अनुक्रमणिका, संदर्भ हे शेवटी टायपिंगवाल्याकडे टाकावं, दोन दिवसांत होतं." दादा, हे वाचून माझं डोकं फिरलं, कारण मागच्या वर्षी मी हाच सल्ला ऐकून फसले.

इंग्लंडमध्ये मास्टर्स, विषय सोलापुरातल्या विडी कामगार बायका, मर्यादा १५,००० शब्द. मी सोलापूरच्या इतिहासापासून सुरुवात केली. गिरण्या, १९३० चा मार्शल लॉ, १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेले चार हुतात्मे. साडेतीन हजार शब्द तिथेच संपले. सुपरवायझरनं समासात एवढंच लिहिलं, "याचा तुमच्या प्रश्नाशी संबंध काय?" रडू आलं, पण बाई खरं बोलत होत्या. ते सगळं दीड पानावर आणलं, तेव्हा कुठे मुलाखतींना जागा झाली. ही काटछाट टायपिंगवाला करणार होता का?

अनुक्रमणिका मी हातानं टाइप केली होती, मथळे नुसते बोल्ड केलेले. शेवटच्या रात्री दोन परिच्छेद काढले आणि अनुक्रमणिकेत ४१ वर असलेलं प्रकरण ३८ वर गेलं. पहाटे चारपर्यंत आकडे बदलत होते. वर्डमध्ये मथळ्यांना हेडिंग स्टाईल लावली असती तर अनुक्रमणिका वर्डनंच बनवली असती, आकडे बदलणं एका क्लिकचं काम होतं.

बाळीवेसकर
ताई, तुमचा त्रास तुमच्या जागी. मी पीएचडी इथेच केली. काळं रेक्झीन, सोनेरी अक्षरं, बाइंडिंगसाठी डावीकडे दीड इंच, गाईडचं प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र, सगळं टायपिंगवाल्याला पाठ. संशोधन माझं, सजावट त्याची. यात चुकलं काय?

कुंभारीची लेक
तिथे रेक्झीनच नव्हतं, पीडीएफ चढवायची होती. मुखपृष्ठावर नावही नाही, फक्त विद्यार्थी क्रमांक, तपासणाऱ्याला कोण ते कळू नये म्हणून. आणि बाहेरच्या माणसानं मजकुराला हात लावायचा तर कुठवर, याचेही नियम होते.

साखर पेठ, सध्या अमेरिका
आधी शब्दाचा घोळ. ब्रिटनमध्ये मास्टर्सचं ते डिझर्टेशन, पीएचडीचं थीसिस. अमेरिकेत बहुतेक उलटं. माझी फाईल सोलापूरच्या लॅपटॉपवर ए-फोर आकारात झालेली. इथे लेटर साइझ लागतो, ८.५ बाय ११ इंच. पान बुटकं झालं, सगळी कोष्टकं पुढच्या पानावर सरकली, विद्यापीठाच्या ऑफिसनं फाईल परत पाठवली. आकार पहिल्या दिवशी ठरवा.

निवृत्त शिक्षक, अशोक चौक
मार्जिनवर भांडताय, मला वेगळंच टोचलंय. बाई, त्या बायका तेलुगूत बोलल्या असणार. विड्या मोजताना बाजूला काढतात, त्या "छाट"चं इंग्रजीत काय केलंत?

कुंभारीची लेक
सर, "रिजेक्टेड बिडीज" लिहिलं.

निवृत्त शिक्षक, अशोक चौक
तिथेच गेलं सगळं! माझी आई विड्या वळायची. हजार वळून नेल्या की मोजणारा मूठभर बाजूला टाकायचा. त्याचे पैसे नाहीत, आणि विड्याही परत नाहीत. आई घरी येऊन पान कापायच्या कात्रीला धार लावत बसायची, बोलायची नाही. तुमच्या इंग्रजी शब्दात विडी खराब होती असं होतं. छाटमध्ये ती चांगली असूनही काढली, हे येतं.

साखर पेठ, सध्या अमेरिका
सर, भावना समजली. पण परीक्षकाला तेलुगू येत नाही. दर ओळीला परका शब्द आला तर तो वाचायचं सोडेल.

निवृत्त शिक्षक, अशोक चौक
मग परीक्षकाच्या सोयीसाठी आईचा शब्द बदलायचा का? तुम्ही तिकडे गेलात आणि तिकडचेच झालात.

साखर पेठ, सध्या अमेरिका
हे बोलायची गरज नव्हती सर. माझ्या आजीनंही विड्याच वळल्या.

कुंभारीची लेक
दोघं थांबा. सर, तुमचं बरोबर आहे, आणि ते मला उशिरा कळलं. वाट मात्र फॉरमॅटमध्येच होती. पहिल्यांदा शब्द येतो तिथे तिरप्या अक्षरात "छाट" ठेवायचं, पुढे एका वाक्यात अर्थ, मग सगळीकडे तोच शब्द. सुरुवातीला शब्दार्थाचं पान. बायकांची मूळ तेलुगू वाक्यं परिशिष्टात. आमच्या विभागात परिशिष्ट शब्दमर्यादेत धरत नव्हते. मराठी पुस्तकांनाही सोय आहे. एपीए या संदर्भ लिहिण्याच्या पद्धतीत मूळ नाव रोमन लिपीत आणि चौकटी कंसात इंग्रजी अर्थ. हे आधी माहीत असतं तर मुलाखती घेतानाच मूळ शब्द वहीत उतरवले असते. नंतर टेप ऐकत पंधरा दिवस गेले.

निवृत्त शिक्षक, अशोक चौक
परिशिष्टात का होईना, आहे म्हणता. ठीक. साखर पेठकर, तेवढं वाक्य मागे घेतो.

बाळीवेसकर
टायपिंगवाल्याचं माझं म्हणणं इथल्या पीएचडीपुरतं खरंच आहे, ते मी सोडणार नाही. पण बाहेर जाणाऱ्याला तो सल्ला द्यायला नको होता, एवढं मान्य. पुतण्या सप्टेंबरला लीड्सला चाललाय. सुरुवातीची पानं रोमन आकड्यांत आणि प्रकरण एकपासून १, २, ३ हे कसं करतात, तेवढं सांगा.

कुंभारीची लेक
दादा, वर्डमध्ये प्रकरण एकच्या आधी सेक्शन ब्रेक टाका, नेक्स्ट पेजवाला, म्हणजे फाईलचे दोन भाग पडतात. मग फूटरमध्ये, म्हणजे पानाच्या तळाला आकडा असतो तिथे, "लिंक टू प्रीव्हियस" बंद करा, पहिल्या भागाला रोमन आकडे ठेवा आणि नवीन भागाचा आकडा १ पासून सुरू करा. फाईल रिकामी असतानाच करायला लावा. आणि विभागाचं हँडबुक आलं की मला पाठवा, मी त्याच्यासोबत बसते.