जुन्या मशीनला एकच खर्च करायचा असेल तर आधी एसएसडी, रॅम नंतर

शाहूपुरीचा हिशेबनीस:
हिशेबाच्या कामानं कोल्हापूरच्या शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, गांधीनगर अशा बऱ्याच ऑफिसांत माझं जाणं-येणं असतं. तिथं अजून चालू असलेली बरीचशी मशीन एकाच वळणाची दिसतात: इंटेलचा चौथ्या पिढीचा आय३ नाहीतर आय५ प्रोसेसर, ४ जीबी डीडीआर३ (जुन्या जातीची) रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज १०. सकाळी बटण दाबायचं, चहा सांगायचा आणि वाट बघायची. मालक विचारतात, एकदाच पैसे घालायचे तर रॅम वाढवू की एसएसडी बसवू? रॅम म्हणजे चालू काम ठेवायची तात्पुरती मेमरी, एसएसडी म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी चिपची डिस्क. दुकानात बहुतेक वेळा रॅम सांगतात. पट्टी पाच मिनिटांत बसते, विंडोज हलवायची कटकट नसते. माझं मत ठाम एसएसडीचं आहे, आणि ते आकड्यांवर उभं आहे.

डेस्कटॉपची हार्ड डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते. एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा हेडखाली, म्हणजे वाचणाऱ्या टोकाखाली, यायला सरासरी अर्धा फेरा जातो, आणि हेड तिथं सरकायला आणखी ८-९ मिलिसेकंद. म्हणजे इकडची-तिकडची एक बारकी फाइल वाचायला १२-१३ मिलिसेकंद, सेकंदाला जेमतेम ८० वाचनं. लॅपटॉपच्या ५,४०० फेऱ्यांच्या डिस्कचं तर त्याहून वाईट. विंडोज सुरू होताना, अँटिव्हायरस तपासत असताना, अपडेट उतरत असताना असली हजारो वाचनं एकदम मागितली जातात. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. तेच वाचन साधारण ०.१ मिलिसेकंदात होतं, म्हणजे शंभरपटीहून जास्त फरक. रॅम ४ ची ८ केली तरी सकाळचं पहिलं वाचन त्या फिरत्या तबकडीवरूनच व्हायचं आहे.

जुन्या एच६१ चिपसेटच्या बोर्डाला साटा ३ (डिस्क जोडायची वेगवान जोडणी) नाही, साटा २ वर वेग निम्मा पडतो, म्हणून एसएसडी वाया जाते, असंही ऐकवतात. निम्मा पडतो तो मोठी फाइल सलग कॉपी करतानाचा वेग. बारक्या फायलींचा फायदा जवळपास तसाच राहतो, आणि ऑफिसातला माणूस दिवसभर ताटकळतो तो त्या बारक्या फायलींपायीच.

राजारामपुरी फ्लेक्स:
साहेब, हिशेबाच्या ऑफिसापुरतं पटलं. पण सगळं कोल्हापूर टॅलीवर चालत नाही. गणपती, शिवजयंती, निवडणूक म्हटलं की आमच्याकडं रात्रभर डिझाइनं चालतात. १० बाय ८ फुटांचा फ्लेक्स १०० डीपीआयला, म्हणजे इंचाला १०० ठिपक्यांनी, घ्या. १२,००० गुणिले ९,६०० पिक्सेल, सीएमवायकेत (छपाईच्या चार रंगांत) प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट. एकच भरलेला लेयर (चित्राचा थर) ४६० एमबीचा झाला. त्यावर मंडळाच्या पोरांचे कापलेले फोटो, सावल्या, मागचे ढग, वर मोठ्या अक्षरातली नावं. ४ जीबीत हे मावणार कुठं? मग फोटोशॉप स्क्रॅच डिस्कवर, म्हणजे डिस्कवरच्या तात्पुरत्या जागेत, लिहायला लागतं आणि ब्रश हात सोडून मागं राहतो.

आता तुमच्याच आकड्यांनी बघू. एसएसडीचा प्रतिसाद ०.१ मिलिसेकंद. रॅमचा १०० नॅनोसेकंदाच्या आसपास. म्हणजे एसएसडी रॅमच्या हजारपट मागं. जे काम रॅममध्ये मावायला पाहिजे ते एसएसडीवर सांडलं तर ते मंदच होणार, डिस्क कितीही भारी घ्या. आमच्या धंद्यात आधी रॅम, बोर्ड घेईल तेवढी.

दुसरं, एसएसडीला लिहिण्याची मर्यादा असते. रोज स्क्रॅच फायली ओतून ती किती दिवस टिकायची?

शाहूपुरीचा हिशेबनीस:
टिकण्याची भीती आकड्यापुढं राहत नाही. सॅमसंगच्या ८७० इव्होच्या २५० जीबी मॉडेलला कंपनी १५० टेराबाइट लिखाणाची हमी देते. रोज ४० जीबी लिहिलं तरी दहा वर्षं निघतात. तेवढ्यात मशीनच बदललेलं असेल. हलक्या एसएसडीला हमी कमी असते हे खरं, म्हणून घेताना खोक्यावरचा नाहीतर कंपनीच्या माहितीपत्रकातला टीबीडब्ल्यूचा (एकूण किती टेराबाइट लिखाणाची हमी, तो) आकडा बघून घ्यावी.

तुमचा फ्लेक्सचा हिशेब मला मान्य आहे. पण रॅम १६ जीबी केल्यावरही ती ४-५ जीबीची फाइल उघडणं, सेव्ह करणं, प्रिंटला सोडणं डिस्कवरूनच होणार ना? सलग वाचनात हार्ड डिस्क सेकंदाला दीडशे एमबीच्या आगेमागे अडकते, साटा एसएसडी साडेपाचशेपर्यंत जाते. गिऱ्हाईक समोर उभं असताना सेव्हची पट्टी किती रेंगाळते ते तुम्हीच बघा.

कळंब्याचा दुरुस्तीवाला:
दोघंही आपापल्या मशीनवरून सगळ्यांना सांगताय. माझ्याकडं रोज असली मशीन येतात. टास्क मॅनेजर उघडला की डिस्क १०० टक्के दिसते आणि मालक म्हणतो, डिस्क गेली, एसएसडी घाला. इथंच गफलत होते. रॅम कमी पडली की विंडोज रॅममधली पानं (माहितीचे तुकडे) पेजफाइल नावाच्या फाइलमध्ये टाकतं आणि लागली की परत उचलतं. ती पेजफाइल डिस्कवरच असते. दुखणं रॅमचं असलं तरी लाल दिसते ती डिस्क.

त्यामुळं एक तपासणी करा, पैसे लागत नाहीत. नेहमीची सगळी कामं उघडी ठेवा. विंडोज आणि आर बटण दाबून रिसोर्स मॉनिटर उघडायचा, आज्ञा आहे आरईएसएमओएन. मेमरीच्या पानावर हार्ड फॉल्ट्स प्रति सेकंद (लागलेलं पान रॅममध्ये न सापडल्यानं डिस्कवरून किती वेळा आणावं लागतं) हा आलेख बघा. प्रोग्रॅम उघडताना तो उसळतोच, त्याला घाबरू नका. पण सगळं उघडून झाल्यावर, नुसतं या खिडकीतून त्या खिडकीत जाताना तो शेकड्यांत राहत असेल तर रॅम कमी आहे. मग डिस्कच्या पानावर कुठली फाइल सर्वांत जास्त वाचली-लिहिली जाते ते बघा. वर पेजफाइलच बसली असेल तर रॅम घाला. तिथं विंडोज अपडेट, अँटिव्हायरस आणि सर्च इंडेक्सच्या फायली असतील, आणि मेमरी ६०-६५ टक्क्यांवर निवांत असेल, तर एसएसडी.

माझा अनुभव सांगतो. नुसत्या टॅली आणि बिलिंगच्या मशीनवर जवळजवळ नेहमी एसएसडीचं पारडं जड निघतं. जीएसटी पोर्टल, बँक, व्हॉट्सॲप वेब, ईमेल असं सगळं क्रोममध्ये एकदम उघडणाऱ्यांकडं ४ जीबी पुरत नाही, तिथं निकाल रॅमकडं झुकतो.

कागलची शिक्षिका:
तुमच्या सगळ्यांच्या चर्चेत एक गोष्ट सुटते आहे असं मला वाटतं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी दिलेली वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहेत. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागतं, म्हणजे चौथ्या पिढीचं मशीन त्यात अधिकृतपणे बसतच नाही. ज्या मशीनवर बँकेचे व्यवहार आणि लोकांचे पॅन, आधार ठेवता, त्या मशीनचं दार उघडं राहणार असेल तर वेगासाठी खर्च करणं मला पटत नाही. आमच्या शाळेच्या लॅबसाठी हाच विषय निघाला तेव्हा मी हेच म्हटलं: रॅम नको, एसएसडी नको, तेवढे पैसे पुढच्या मशीनसाठी बाजूला ठेवा.

शाहूपुरीचा हिशेबनीस:
ताई, तुमचा मुद्दा सर्वांत गंभीर आहे आणि तो एसएसडीच्याच बाजूनं जातो. डीडीआर३ ची पट्टी नव्या बोर्डात बसत नाही. डीडीआर४ ची खाच वेगळी, डीडीआर५ ची आणखी वेगळी. आज रॅमवर घातलेले पैसे त्या मशीनबरोबरच संपतात. अडीच इंची साटा एसएसडी मात्र उद्या नवं डेस्कटॉप घेतलंत तर त्यात जाते, नाहीतर यूएसबी केसात घालून बॅकअपला वापरता येते. शाळेच्या लॅबला तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम घालून बघा. अपडेट चालू राहतात, परवान्याचा खर्च नाही, आणि एसएसडीवर ते चौथ्या पिढीच्या मशीनलाही झेपतं. टॅलीवाल्यांना तो रस्ता सोपा नाही, तिथं मशीन बदलावंच लागेल.

राजारामपुरी फ्लेक्स:
थांबा साहेब, बाजाराचं पण बघा. २०२५ च्या शेवटापासून नव्या रॅमचे दर कुठं गेलेत? एआयच्या डेटा सेंटरनी मेमरीचं उत्पादन ओढून घेतलं. मायक्रॉननं डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. एसएसडीसुद्धा चढल्यात. अशा वेळी ताई म्हणतात तसं पैसे साठवून नवं मशीन घ्यायचं म्हणजे महाग रॅम विकत घ्यायची. मोडीत निघालेल्या मशीनमधली डीडीआर३ पट्टी त्यापेक्षा कितीतरी स्वस्तात मिळते. जुनं मशीन अजून वर्ष-दीड वर्ष ओढायचं तर तीच घालावी.

आणि एसएसडीबद्दल कुणी बोलत नाही ते मी बोलतो. हार्ड डिस्क जायच्या आधी बहुतेकदा खडखडते, अडखळते, बॅड सेक्टर दाखवते. एसएसडी पुष्कळदा आदल्या रात्रीपर्यंत नीट चालते आणि सकाळी बायोसला (मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमला) दिसतच नाही. चुकून डिलीट केलेली फाइल हार्ड डिस्कवरून पुष्कळदा परत निघते. एसएसडीवर ट्रिम (डिलीट झालेली जागा मोकळी करायची सोय) चालू असलं की ती जागा पुसली जाते, मग रिकव्हरीवाला पण हात वर करतो. वर्षाचा हिशेब तसल्या डिस्कवर एकटा ठेवायला सांगताना ही जबाबदारी पण सांगा.

शाहूपुरीचा हिशेबनीस:
सांगतो, आणि मोठ्यानं सांगतो. एसएसडी बसवली की जुनी हार्ड डिस्क काढून टाकू नका. तिची प्रकृती आधी तपासून घ्या. बरी असेल तर त्याच कॅबिनेटमध्ये दुसरी डिस्क म्हणून ठेवा आणि टॅलीचा बॅकअप रोज संध्याकाळी तिच्यावर जाऊ द्या. आणखी एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन घरी न्यावी. वीज गेली तर दोन्ही डिस्क एकदम झटका खातात, त्यामुळं यूपीएसची बॅटरी मेली असेल तर आधी ती बदलावी, रॅम आणि एसएसडी दोन्हीच्या आधी.

जुन्या पट्टीचं म्हणाल तर घ्या जरूर, पण दुकानातच मेमरी टेस्ट लावून घ्या. सदोष रॅम फायली गपचूप बिघडवते, आणि तो बिघाड तसाच बॅकअपमध्येही जातो.

कळंब्याचा दुरुस्तीवाला:
त्यात एक भर. ४ जीबीची एकच पट्टी आणि शेजारचा स्लॉट मोकळा असेल तर दुसरी ४ जीबी घातल्यावर ड्युअल चॅनेल चालू होतो, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकदम कामाला लागतात. बोर्डवरचेच ग्राफिक्स वापरणाऱ्यांना त्याचा वेगळा फायदा होतो. एच८१ बोर्डाला दोनच स्लॉट असतात, जास्तीत जास्त १६ जीबी. फ्लेक्सवाल्या भावानं ८-८ च्या दोन पट्ट्या शोधाव्यात. ३२ बिट विंडोज असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम ते वापरणारच नाही, आधी ६४ बिट टाका.

ताई, लॅबमधल्या एका मशीनवर रिसोर्स मॉनिटरची तपासणी करून हार्ड फॉल्ट्सचा आलेख आणि पेजफाइलची ओळ इथं लिहा. सगळ्या लॅबचा निर्णय तेवढ्यावर होऊ शकतो.

राजारामपुरी फ्लेक्स:
८-८ च्या पट्ट्या बघतोय. एसएसडी दिवाळीनंतर. साहेबांचं सेव्हच्या पट्टीचं म्हणणं मी खोटं म्हणत नाही, पण गिऱ्हाईक सेव्हला थांबतं. माझा डिझायनर दिवसभर ब्रशला थांबून बसतो, त्याचा पगार मला द्यावा लागतो.