'फक्त अ‍ॅडमिन' लावलं की सोसायटीचा ग्रुप सुधारतो?

बी-विंग:
परवा एका अ‍ॅडमिन महाशयांनी इथे लिहिलं, "सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात' हे सेटिंग लावलं, तेव्हापासून एक भांडण नाही. लोकांना लोकशाही झेपत नाही." खाली अंगठ्यांची रांग. राहवलं नाही म्हणून वेगळा धागा काढतोय.

भांडण संपलं नाही साहेब, जिन्यात गेलं. आमच्याकडे लिफ्टच्या वार्षिक कराराचा विषय निघाला. मी दुसऱ्या कंपनीचं कोटेशन ग्रुपवर टाकलं, आकडा बराच कमी होता. चहा उकळेपर्यंत तिथे "हा मेसेज अ‍ॅडमिनने डिलीट केला" एवढीच ओळ उरली. का, म्हणून विचारलं तर मलाच काढलं. दुसऱ्या दिवशी टाकी धुवायची म्हणून पाणी बंद. सूचना अर्थात ग्रुपवर. डोक्याला साबण, डोळे मिटलेले, आणि नळातून नुसता फुस्स आवाज.

आणि कोटेशनचं काय झालं? एरवी ज्यांनी ते उघडूनही बघितलं नसतं त्यांनी घरी येऊन मागून नेलं. आता सगळ्या विंगांत एकच विषय, कमिटी किती खाते. खातही नसेल काही! पण मेसेज उडवला की लोक त्या जागी आपल्या मनाने मजकूर भरतात.

नियम आधी लिहून ग्रुपच्या माहितीत टाका. मेसेज उडवला तर कोणत्या नियमाने, ते तिथेच एका ओळीत सांगा. आणि तक्रार कमिटीबद्दल असेल तर कमिटीतल्या माणसाने ती उडवायची नाही. एक अ‍ॅडमिन कमिटीबाहेरचा हवा.

माजी सेक्रेटरी:
बाहेरचा अ‍ॅडमिन! आमच्याकडे कमिटीत यायला कुणी तयार नसतं, फुकटच्या शिव्या खायला बाहेरचा कोण येणार?

बाकी तुम्हाला कोटेशनचं पडलंय, मला राईनपाडा आठवतो. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागायला आलेल्या पाच नाथपंथी डवरी गोसाव्यांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठेचून मारलं. अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरच फिरत होत्या ना? त्याच महिन्यात कंपनीने भारतात फॉरवर्डला पाच चॅटची मर्यादा जाहीर केली. तेव्हा मी आधी उडवतो, मग विचार करतो. उद्या गुन्हा दाखल झाला तर हवालदार माझ्या दारात येणार.

काळा कोट:
काका, ही भीती जुनी झाली. गोंदियातल्या एका ग्रुप अ‍ॅडमिनवरच्या गुन्ह्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं, सदस्याने टाकलेल्या मजकुराला नुसता अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणी जबाबदार धरला जात नाही. समान हेतू किंवा आधी ठरवून केलेला कट दिसला तर गोष्ट वेगळी. केरळ उच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये तेच धरलं. पोलिसांच्या नावाने लिफ्टचं बिल झाकू नका.

माजी सेक्रेटरी:
निकाल २०२१ चा, गुन्हा २०१६ चा. मधली वर्षं त्या माणसाला तुम्ही परत देणार का, वकीलसाहेब?

काळा कोट:
हा मुद्दा बरोबर आहे. नाइलाजाने मान्य. पण ज्या मुलं पळवणाऱ्यांच्या फॉरवर्डची तुम्ही गोष्ट सांगताय, तो उडवला तरी 'अफवा आहे, म्हणून काढला' एवढं लिहायलाच हवं. नाहीतर वाचलेला प्रत्येक जण तो खराच समजणार.

चहापोहे:
दोन ग्रुप करा. एक सूचनांचा, एक गप्पांचा. आम्ही केले. गप्पांच्या ग्रुपवर आता फक्त गुलाबाची फुलं येतात, पण शांतता आहे.

तळमजला:
मूळ दुखणं कुणी बोलतच नाही. भाडेकरू! सभासद नसलेली माणसं ग्रुपवर घेतली की असंच होणार. मीटिंगला बसायचा हक्क नाही आणि ग्रुपवर हिशेब विचारतात.

चारशेतीन:
मी भाडेकरू. मेंटेनन्स माझ्या भाड्यातून जातो, वर मालक स्वतः राहत नाही म्हणून त्याच्याकडून नॉन-ऑक्युपन्सीचा जादा आकार घेता तो वेगळा. ग्रुपवर मात्र मालक. ते न्यू जर्सीत. सकाळी दहाला तुम्ही 'आज पाणी बंद' टाकता तेव्हा तिकडे मध्यरात्र उलटलेली असते. ते उठून मला कळवतात तोवर पाणी पुन्हा आलेलं असतं.

तळमजला:
नॉन-ऑक्युपन्सीचं रडू नका. तुमच्या फ्लॅटवर रात्री अकरानंतर गिटार वाजते, त्याचं बोला.

चारशेतीन:
गिटार चारशेचारची. आणि नॉन-ऑक्युपन्सी सेवाशुल्काच्या १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही, हे २००१ पासून सरकारी आदेशात आहे. आमच्याकडे किती घेतात ते मालकांनी विचारलं, तर त्यांचाही मेसेज उडाला. न्यू जर्सीतला माणूसही सुटला नाही!

बी-विंग:
अहो, मी हेच म्हणत होतो. विषयावर या ना!

माजी सेक्रेटरी:
आलो. ठीक आहे, यापुढे उडवताना एक ओळ लिहीन, 'काढला, कारण वेडेपणा'. पोटभर पारदर्शकता. चालेल?

बी-विंग:
वेडेपणा नियमांत लिहा, मग चालेल. सुरुवात रोज पहाटे पाचच्या सुविचारांपासून करा. ते कोण टाकतं ते ग्रुपला माहीत आहे.

तळमजला:
सुविचारांना हात लावायचा नाही! आणि चारशेतीन, आधी पोलिसांकडे भाडेकरू म्हणून नोंद झालीय का ते सांगा, मग ग्रुपचं बघू.

चारशेतीन:
झालीय. मालकांचं काम, पण त्यांच्या सांगण्यावरून ऑनलाइन फॉर्म मीच भरला. पावतीचा फोटो पाठवला असता, पण ग्रुपवर नाही ना मी.